फुंक आधी, फॉर्म नंतर

प्रश्न : मास्तर, नमस्कार. मी यंदा बारावीला आहे, राहायला नीलमनगरला. आमचा घरचा बँड आहे, वडील ट्रम्पेट वाजवतात. मी आठवीपासून क्लॅरोनेट वाजवतो. गेल्या लग्नसराईत चाळीसएक सुपाऱ्या वाजवल्या. कुठलंही गाणं दोनदा ऐकलं की बोटात येतं, पण नोटेशन वाचता येत नाही. मला विद्यापीठात जाऊन क्लॅरोनेटमध्येच पदवी घ्यायची आहे. वडील म्हणतात, "वरातीत कुणी मार्कशीट बघतं का?" आई म्हणते, आयटीआय कर. कुठं जाऊ, प्रवेशाला काय विचारतात आणि पुढं पोटापाण्याचं काय?
— र., सोलापूर

उत्तर : तू क्लॅरोनेट म्हणतोस ते ऐकून बरं वाटलं, आमच्या घरातही तेच म्हणायचे. फॉर्मवर मात्र क्लॅरिनेट लिही.

तुझ्या वयात मी चुलत्यांच्या बँडमध्ये होतो. तुळशीचं लग्न लागलं की गणवेश ट्रंकेतून बाहेर यायचा, तो आषाढ लागल्यावरच परत आत. एकोणिसाव्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या संगीत विभागात प्रवेशासाठी गेलो. शहराचं नाव राहू दे. त्या वर्षीचं सगळ्यात अवघड गाणं झोकात वाजवलं, मधे स्वतःच्या चार मुरक्याही घातल्या. समोरचे गृहस्थ पेन्सिलीला टोक करत बसले होते. ते म्हणाले, "छान. आता एकच सूर धरा. अगदी बारीक सुरू करा, वाढवत न्या, पुन्हा बारीक करून विझवा. वीस सेकंद." मी बारीक लावायला गेलो तर सूर फुटेचना, नुसती हवा. जरा जोर दिला तर थेट वरातीचा आवाज. तीनदा तेच झालं. "पुढच्या वर्षी या," म्हणाले. रात्रीच्या गाडीनं परत आलो, पेटी मांडीवर, आणि घरी सांगितलं की साहेब भेटले नाहीत.

राग त्यांचा आला होता, पण चूक त्यांची नव्हती. वरातीत आपल्याला बारीक वाजवायला कधी कुणी सांगितलंय? शेजारी ट्रम्पेट, मागं ढोल, पुढं जनरेटरची हातगाडी. रस्ता आपल्याला पुष्कळ देतो. तीन तास उभं राहून वाजवायचा दम देतो, ऐकलेलं लगेच बोटात आणणारा कान देतो, गाणारा सूर बदलून बसला तर त्याच्या मागं जायची हुशारी देतो. संगीत शाळेत चार वर्षं काढलेल्या पोरांकडंही हे नसतं. पण रस्त्यावर आवाज एकाच मापाचा मिळतो. दुसरं माप तुला स्वतःला तयार करायचं आहे, आणि तेही फॉर्म भरायच्या आधी.

मी ते कुठं केलं सांगतो. अशोक चौकाकडं एका मित्राच्या वडिलांचं चादरींचं गोदाम होतं. छतापर्यंत चादरींचे गठ्ठे. त्या खोलीत आवाज घुमतच नाही, कापूस सगळा पिऊन टाकतो. बाथरूममध्ये वाजवलं की आपण सगळेच उस्ताद. गोदामात मात्र सूर जसा आहे तसा कानावर पडतो, कोरडा आणि उघडा. पहिल्या दिवशी मला वाटलं, वाद्य बिघडलंय. रोज पहाटे, बाजूचे माग सुरू व्हायच्या आत, तासभर नुसते लांब सूर. गाणं नाही, मुरकी नाही. दोन महिन्यांनी वीस सेकंद झाले, चौथ्या महिन्यात ते सरळ झाले. गाल फुगवायची सवय मोडायला मात्र वर्ष गेलं. सनईवाल्याला गाल लागतात, गालात हवा साठवून तो नाकानं श्वास घेतो आणि सूर तुटू देत नाही. क्लॅरिनेटला गाल आत आणि ओठांचे कोपरे घट्ट. आपण बँडवाले सनई ऐकत वाढलो, म्हणून तिची सवय इकडं आणली.

दुसरी गोष्ट बोटांची. बासरीवर सा वाजवून फुंक वाढवली की वरचा सा येतो. सॅक्सोफोनवर मागची चावी दाबली तरी वरचा साच. क्लॅरिनेटवर तीच चावी दाब आणि ऐक. वरचा सा ओलांडून त्याच्या पलीकडचा प येतो. कारण क्लॅरिनेटची नळी आतून सरळ, एकाच रुंदीची आहे आणि ओठांकडचं तोंड बंद असल्यासारखं वागतं. सॅक्सोफोनची नळी, आपल्या सनईसारखी, निमुळती आहे. त्यामुळं क्लॅरिनेटवर खालच्या आणि वरच्या पट्टीची बोटं वेगळी, आणि दोन्हींच्या सांध्यावर एक अडखळायची जागा. तिथं एका बोटावरून एकदम आठनऊ बोटांवर जावं लागतं. बँडमध्ये आपण काय करतो? गाणं अशा सुरात घेतो की सांधा आडवा येऊ नये. परीक्षक नेमकं सांध्यावरूनच जायला लावतो.

आता तुझं वाद्य बघ. वरच्या-खालच्या भागांवर बोटांच्या भोकांभोवती धातूच्या कड्या किती आहेत मोज. सहा असतील आणि एकूण चाव्या सतराच्या आसपास असतील तर ती बोहम पद्धतीची. कमी असतील तर ती जुनी साधी पद्धत, जिला अल्बर्टही म्हणतात. मेरठच्या जाली कोठी या वाद्यांच्या बाजारातून आपल्या बँडांकडं येणारी पुष्कळ वाद्यं साधी असतात. त्यांत वाईट काही नाही, मींड काढायला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जायला, ती सोयीचीही पडतात. पण पाश्चात्त्य पद्धतीनं शिकायचं असेल तर शिक्षक बहुतेक बोहमवाला भेटेल, आणि मग काही बोटं नव्यानं बसवावी लागतील. हे पहिल्या वर्षाच्या मध्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

नोटेशनचा बाऊ करू नकोस. तुला कानाला येतं तेच कागदावर ओळखायचं आहे, सहा महिने रोज अर्धा तास पुरतो. एक गोम सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच दिवशी गोंधळशील. तुझी क्लॅरिनेट बी फ्लॅटची, म्हणजे बाजाच्या पेटीवरची आपली काळी पाच. कागदावर सी लिहिला असेल आणि तू तो वाजवलास तर पेटीवर काळी पाच ऐकू येईल. हे चुकीचं नाही, लिहायची रीतच तशी आहे.

प्रवेशाला काय विचारतात ते तू कुठल्या रस्त्यानं जाणार यावर आहे. क्लॅरिनेटवर राग वाजवायचे असतील तर वाद्य परदेशी असलं तरी अभ्यास आपलाच. आलाप, बंदिश, ताना, तालाचं भान. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आणि पुढं अलंकारपर्यंत आहेत, त्या घरी राहून देता येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून गुरुकुल पद्धतीनं चालतं. तिथं गुरू कोण मिळणार हे आधी ठरवून जा. आणि क्लॅरिनेटवर हिंदुस्थानी संगीत कसं वाजतं ते ऐकायचं असेल तर लांब जायला नको. आपल्याच लोहमार्गावर, वाडीच्या पुढं रायचूर आहे, आणि रायचूरच्या पंडित नरसिंहलू वडवाटींनी याच वाद्यावर आयुष्य घातलं. आधी त्यांची ध्वनिमुद्रणं ऐक, मग मला पुन्हा पत्र लिही.

पाश्चात्त्य रस्ता असेल तर सगळ्या मेजर-मायनर स्केल पाठ, एकमेकांपेक्षा वेगळ्या स्वभावाच्या दोन रचना (एक संथ, एक चपळ), एखादा एट्यूड (सरावासाठी लिहिलेली रचना), समोर ठेवलेला कागद पहिल्या नजरेत वाजवणं आणि कानाची परीक्षा. मोत्सार्टची 1791 सालची क्लॅरिनेट कंचेर्टो, म्हणजे एक क्लॅरिनेट आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, जगभर प्रवेशाला मागतात. तिच्या संथ भागात तुझे वीस सेकंद लागतात, म्हणून तर मी एवढं पाल्हाळ लावलं. पायरीपायरीनं जायला ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या परीक्षा मंडळांच्या आठ ग्रेड आहेत. चेन्नईचं केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी ए. आर. रहमान यांनी 2008 मध्ये काढलं, तिथं पाश्चात्त्य संगीताचा अभ्यासक्रम आहे. परदेशाचं सध्या मनात ठेव. जर्मनीत बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिकवणी-शुल्क नाही, पण प्रवेशपरीक्षेत मुख्य वाद्याबरोबर पियानो आणि थिअरीही विचारतात. तू आज पियानोला हात लावलेला नाहीस.

कुठंही जा, माहितीपत्रक वाचून जाऊ नकोस. "सुषिर वाद्ये", म्हणजे फुंकून वाजवायची, असं छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात शिक्षक एकटे बासरीचे असतात. थेट विचार : क्लॅरिनेट वाजवणारे शिक्षक आहेत का, आठवड्याला मला एकट्याला किती वेळ देणार, आणि मागच्या वर्षी क्लॅरिनेटचे विद्यार्थी किती होते. तिन्ही उत्तरं गोलमाल आली तर इमारत कितीही देखणी असो, तिकीट काढून परत ये. एकेका विद्यार्थ्याला समोर बसवून शिकवणं, हेच संगीत शाळेचं खरं काम आहे. ते नसेल तर तिथं आणि यूट्यूबवर फरक तो काय?

आणि कुठंही सोलापूरचा म्हणून गेलास की जाणता माणूस "सुंदरी ऐकलीस का?" असं विचारणारच. सनईच्या जातीची, तिच्याहून आखूड, उंच सुराची सुंदरी म्हणजे आपल्या गावची. जाधव घराण्यानं ती मैफलीपर्यंत नेली, आणि हे नाव तिला अक्कलकोटच्या राजांनी दिलं असं सांगतात. "नाही ऐकली" म्हणून मान खाली घालायची वेळ येऊ देऊ नकोस.

पोटापाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण यात मला गोडगोड बोलता येत नाही. नुसत्या पदवीवर वाजवण्याची नोकरी मिळत नाही. वाजवण्याच्या पगारी जागा म्हणजे पोलीस बँड आणि लष्कर. महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत बँड्समनची पदं निघतात, त्यावर लक्ष ठेव. लष्करात बँडवाल्यांचं प्रशिक्षण पचमढीला होतं आणि तिथली शिस्त कुठल्याही विद्यापीठापेक्षा कडक आहे. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा पाश्चात्त्य वाद्यवृंद 2006 पासून आहे. त्यातल्या फुंकवाद्यांच्या खुर्च्यांवर परदेशी वादक पुष्कळ दिसतात. याचा अर्थ तुला भीती वाटावी असाही होतो आणि जागा आहे असाही. पदवीचा खरा उपयोग शिकवण्यात आहे. केंद्रीय विद्यालयात संगीत शिक्षकाला संगीताची पदवी लागते, महाविद्यालयात शिकवायला एम.ए. आणि नेट-सेट.

वडिलांशी वाद घालू नकोस. वरातीत मार्कशीट बघत नाहीत हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. सुट्टीत हंगाम सोडू नकोस, फीचे पैसे त्यातूनच यायचे आहेत. एखाद्या रविवारी त्यांना घेऊन माझ्याकडं ये. त्यांना ट्रम्पेट आणायला सांग.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे. शाळेच्या कार्यक्रमात चांदीसारखी चकचकीत फ्लूट पाहिल्यापासून तेच शिकायचं म्हणते. तिची आजी म्हणते, बासरी शिक, देवाची आहे. दिवाळीनंतर दातांना तार लावायची आहे. आणि एक शंका : ती फ्लूट धातूची असून तिला लाकडी वाद्यांत का धरतात?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, शंकेपासून सुरुवात करतो. ती मुलीनं विचारली असती तर मला जास्त आवडलं असतं, पण शंका तुमची दिसते. पूर्वी फ्लूट लाकडाचीच होती. म्युनिकच्या थिओबाल्ड बोहम या बासरीवादकानं, जो मूळचा सोनार, 1847 मध्ये सरळ नळीची धातूची फ्लूट केली. आज वाजते ती तीच. वाद्य कशाचं केलंय यापेक्षा सूर कसा निघतो यावरून कुळ ठरतं. कडेवर फुंक आपटून किंवा वेताच्या पत्तीतून सूर निघाला की ती लाकडी फुंकवाद्यं. ओठच थरथरवले की ट्रम्पेटचं कूळ. म्हणून अडॉल्फ साक्सनं 1846 मध्ये पेटंट घेतलेला सॅक्सोफोन सगळा पितळी असूनही पत्तीमुळं याच घरात. आपल्याकडं सुषिर म्हटलं की मात्र ट्रम्पेटपासून शंखापर्यंत सगळे आले, आपलं घर मोठं आहे.

आता मुलीचं. फ्लूट आणि बासरी यांत फुंक जवळपास तीच, फरक बोटांत. बासरीचं भोक बोटानं उघडत-झाकत सूर सरकवता येतो, म्हणून मींड निघते. फ्लूटवर चाव्या आहेत, बाराही सूर नेटके येतात पण सरकत नाहीत. तिला गाणी आणि राग आवडत असतील तर आजीचं ऐका. शाळेत वाद्यवृंद असेल, चार मुलांबरोबर वाजवायला मिळणार असेल तर फ्लूट घ्या. एकट्यानं वाजवण्यापेक्षा मुलं संगतीनं लवकर शिकतात हे मी चाळीस वर्षं पाहतोय. पुढं विद्यापीठात जायचं झालं तर दोन्हींना रस्ता आहे. बासरीला तर परदेशातही आहे, रॉटरडॅमच्या संगीत विद्यापीठात हरिप्रसाद चौरसियांनी बासरी शिकवली आहे.

बासरी घेतलीत तर लहान घ्या. पन्नालाल घोषांनी रूढ केलेली बत्तीस इंची बासरी दुकानात रुबाबदार दिसते, पण अकरा वर्षांच्या मुलीची बोटं त्या भोकांवर पोचत नाहीत आणि पोर आठवड्यात रडून सोडून देतं.

तारेची चिंता करू नका. तार लावल्यावर दोनतीन आठवडे आवाज फाटेल, ओठ दुखेल. आतून मेण लावायला दंतवैद्य देतात. त्या दिवसांत दहा मिनिटंच वाजवू द्या, पण बंद करू नका. जमल्यास तारेच्या आधी दोनतीन महिने सुरुवात करा, म्हणजे आपला चांगला आवाज कसा असतो हे तिच्या कानाला माहीत असेल. आणि पहिल्या दिवसांत चक्कर येते. फ्लूटमध्ये निम्मी फुंक बाहेरच जाते, त्यामुळं दम भराभर संपतो. उलट ओबो या पत्तीच्या वाद्याच्या वादकाच्या छातीत हवा उरते, ती बाहेर टाकायला त्याला थांबावं लागतं. तर मुलीला खुर्चीवर बसवून वाजवू द्या, गॅलरीच्या कठड्याला टेकून नको.

प्रश्न : माळ्यावर आजोबांच्या काळातली लाकडी क्लॅरिओनेट सापडली. ते ब्रिटिश काळात बँडमध्ये होते. लाकूड काळं, वरच्या भागाला बारीक चीर आहे. नातू संगीत शाळेत जाणार आहे, हीच दुरुस्त करून देऊ का? फेविक्विक चालेल?
— सेवानिवृत्त, अक्कलकोट रोड

उत्तर : साहेब, फेविक्विकची नळी आधी खाली ठेवा. चीर जिथं आहे तिथून एखादं भोक किंवा चावीची खुंटी जवळ असेल तर घरी लावलेला थेंब वाद्य कायमचं निकामी करतो. दुरुस्त करणारा माणूस तसाच गोंद वापरेलही, पण चीर किती खोल आहे ते बघून, गरज पडल्यास आडव्या पिना घालून.

काळं लाकूड म्हणजे बहुधा आफ्रिकेचं ग्रेनाडिला. फार घट्ट, पण आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात तेही तडकतं. बाहेर त्रेचाळीस अंश, आत ओली गरम फुंक, लाकूड आतून फुगतं आणि बाहेरून आकसतं. आमचे जुने लोक पेटीत संत्र्याची साल ठेवत, तेवढा ओलावा पुरायचा. साल वेळेवर बदलली नाही तर बुरशी येते, हे मी स्वतःच्या वाद्यावर शिकलो.

दुरुस्तीला पैसे घालायच्या आधी भिंग घेऊन वरच्या भागावरचा शिक्का पाहा. नावाखाली इंग्रजी एच आणि पी ही दोन अक्षरं असतील तर थांबा. तो चढ्या सुराचा शिक्का. ब्रिटिश काळच्या लष्करी बँडांचा ए हा सूर सेकंदाला 452 कंपनांच्या आसपास असे, आज जग 440 च्या जवळ आहे. असं वाद्य कितीही छान दुरुस्त झालं तरी नातवाला कुणाबरोबर वाजवता येणार नाही. नळी बाहेर ओढून थोडा सूर उतरतो, पण मग भोकांची आपसातली अंतरं चुकतात आणि प्रत्येक सूर वेगळ्या मापानं बेसूर होतो. पोराला वाटेल, आपला कानच खराब.

नातवाला विद्यार्थ्यांसाठीची प्लास्टिकची, बोहम पद्धतीची क्लॅरिनेट घेऊन द्या. सोलापूरच्या उन्हात ती तडकत नाही. अडीच नंबरच्या पत्त्यांचा डबाही घ्या, एक पत्ती नाही. पत्ती वेताची असते, रोज वेगळी वागते, दोनतीन आलटून पालटून वापरायच्या. आजोबांची पेटी मात्र टाकू नका. झाकणाच्या अस्तरात हात घालून बघा, जुने लोक तिथं पत्त्या आणि सुपाऱ्यांच्या चिठ्ठ्या ठेवायचे. काही सापडलं तर मला जरूर दाखवा.